जुना संगणक इतक्यात पुसू नका

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसतो आहे: नवा संगणक घेतला, आता जुन्यातील माहिती त्यात कशी न्यायची? म्हणून या अंकात सदराची सगळी जागा त्या विषयाला दिली आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेले प्रश्न थोडे आटोपते करून घेतले आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. देखभाल थांबली म्हणून जुना संगणक बंद पडत नाही किंवा त्यातील फाइली नाहीशा होत नाहीत. सुरक्षेच्या नियमित सुधारणा येणे थांबले, एवढाच त्याचा अर्थ. आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी त्या सुधारणांची सोयही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहे. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक नुकसान जुना संगणक घाईने रिकामा केल्यामुळे झालेले आहे.

आमचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे. २०१५ साली घेतलेल्या संगणकावर दिवाणजी टॅलीत हिशेब ठेवतात. त्यातच घरचे फोटो, मुलांचे दाखले, बँकेची पत्रे असे बरेच काही साठले आहे. नवा संगणक देणारा दुकानदार म्हणतो, "जुना इथे आणून ठेवा, संध्याकाळपर्यंत सगळे नव्यात घालून देतो आणि जुना फॉरमॅट करून एक्स्चेंजमध्ये घेतो." हे योग्य आहे का?
— अडत व्यापारी, सांगली

माहिती नव्या संगणकात घालून घेण्यास हरकत नाही. मात्र त्याच संध्याकाळी जुना संगणक फॉरमॅट करू देणे मुळीच योग्य नाही, त्याच्या बदल्यात कितीही सवलत मिळत असली तरी.

तुमच्या संगणकात काय काय आहे, हे दुकानातील माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो साधारणपणे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर आणि डी ड्राइव्ह उचलतो. टॅलीचा डेटा बहुधा यांपैकी कुठेच नसतो. टॅली प्राइममध्ये तो सहसा सी ड्राइव्हवर 'यूझर्स' फोल्डरातील 'पब्लिक' या फोल्डरात असतो आणि जुन्या टॅली ईआरपी ९ मध्ये बहुतेक वेळा प्रोग्रामच्याच फोल्डरात असतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फोल्डरला नुसत्या आकड्यांचे नाव असते. १०००० किंवा १०००१ असे नाव पाहून अनोळखी माणसाला तो फोल्डर निरुपयोगी वाटू शकतो, आणि त्यातच तुमची दहा वर्षांची खातेवही असते. टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो. तो दिवाणजींना कागदावर उतरवून ठेवायला सांगा. मागील वर्षांच्या कंपन्या वेगळ्या जागी ठेवल्या असतील, तर त्या जागाही लिहून घ्या.

टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि त्याखेरीज तो आकडी नावाचा फोल्डरही जसाच्या तसा कॉपी करा. दोन्ही करण्याचे कारण असे की नव्या संगणकावर टॅलीची नवी आवृत्ती घातली, तर जुना डेटा तिच्यासाठी रूपांतरित करावा लागू शकतो आणि रूपांतरित झालेला डेटा मग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. न बदललेली एक प्रत हाताशी असेल, तर रूपांतरात काही बिघडले तरी मागे जाता येते. लायसन्स जुन्या संगणकावरून आधी सरेंडर करावे लागते आणि नंतर नव्यावर ॲक्टिव्हेट करावे लागते. संगणक फॉरमॅट झाल्यावर हे आठवले, तर विनाकारण धावपळ होते. तुमच्या हिशेबपट्टीचा नमुना एखाद्या प्रोग्रामरकडून करून घेतलेला असेल, तर त्याची टीडीएल किंवा टीसीपी फाइलही शोधून ठेवा, कारण ती कंपनीच्या डेटासोबत आपोआप येत नाही. पट्ट्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघत असतील, तर नव्या संगणकाला त्या प्रिंटरची जुनी रुंद पिन बसेल का, हेही खरेदीपूर्वीच विचारा. भरलेली जीएसटी विवरणपत्रे आणि ई-वे बिले त्या त्या पोर्टलवर असतात, संगणक बदलल्याने ती जात नाहीत. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते. ती कॉपी करायची नसते, नव्या संगणकावर फक्त त्या टोकनचे सॉफ्टवेअर घालायचे असते.

ईमेलसाठी आउटलुक वापरत असाल, तर पीएसटी या प्रकारची फाइल शोधा, साठवलेली ईमेल तिच्यात असते. ती कधी डॉक्युमेंट्समध्ये असते, तर कधी लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड मात्र फोल्डर उचलून नेता येत नाहीत, कारण ते त्या संगणकावरील विंडोजच्या खात्याशी बांधून सांकेतिक रूपात ठेवलेले असतात. त्यासाठी गुगल खात्यातून सिंक करणे हा सरळ मार्ग आहे. पासवर्डांची फाइल एक्सपोर्ट करण्याचीही सोय असते, पण ती फाइल कोणालाही वाचता येईल अशा साध्या मजकुरात तयार होते. काम झाल्याबरोबर ती पुसलीच पाहिजे, आणि दुकानातील संगणकावर तर ती उघडूही नये.

आता प्रत्यक्ष कॉपी. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क विकत घ्या आणि जुन्या संगणकातून आधी तिच्यावर व तिच्यावरून नव्या संगणकात अशा दोन टप्प्यांत काम करा. दोन संगणक थेट जोडण्याचे मार्ग आहेत, पण या पद्धतीत काम संपल्यावर तुमच्या हातात एक जादा प्रत आपोआप उरते आणि तिची किंमत डिस्कच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहे. संगणकाला निळ्या रंगाची यूएसबी जागा असेल, तर डिस्क तिथे लावा. ती बहुधा यूएसबी ३ प्रकारची असते आणि जुन्या यूएसबी २ पेक्षा अनेक पटींनी वेगवान चालते. एखादी मोठी फाइल, उदाहरणार्थ लग्नाचा व्हिडिओ, कॉपी होत नसेल आणि जागा तर भरपूर दिसत असेल, तर ती डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे असे समजा. त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. रिकाम्या डिस्कला एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धत द्यावी.

'कट' करून 'पेस्ट' करू नका, नेहमी 'कॉपी' करा. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली, तर कॉपीत मूळ फाइलींना धक्का लागत नाही. काम संपल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फाइलींची संख्या व 'साइज' हे दोन आकडे जुळवा. शेजारी दिसणारा 'साइज ऑन डिस्क' हा आकडा जुळला नाही तरी घाबरू नका, कारण वेगवेगळ्या डिस्कवर तो वेगळा येऊ शकतो. आकडे जुळल्यावरही प्रत्येक फोल्डरातील काही फाइली खरोखर उघडून पाहा. फोटोंच्या फाइलींना नव्या संगणकावर 'तयार केल्याची तारीख' आजची दिसेल. फोटो केव्हा काढला ती तारीख फाइलीच्या आतच नोंदलेली असते आणि ती तशीच राहते.

जुना संगणक किती दिवस ठेवायचा, याचे माझे उत्तर असे: नव्या संगणकावरून एका महिन्याचे सौदे, पट्ट्या, बँकेचा ताळमेळ आणि जीएसटीचे विवरणपत्र हे सगळे पार पडेपर्यंत तो पुसू नये. जे राहून गेलेले असते, ते या कामांत कुठेतरी अडते आणि तेव्हा लक्षात येते. त्यानंतरही डेटाची प्रत टाकायची नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ.

सांगलीकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात आले. संगणक आणि त्याची जादा प्रत असलेली डिस्क एकाच टेबलाच्या खणात असतील, तर ती प्रत असून नसल्यासारखी आहे. ती डिस्क उंच भागातील नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या गावी ठेवा आणि दर तिमाहीला आणून ताजी करा.

मी निवृत्त शिक्षिका आहे. गेली वीसेक वर्षे संगणकावर मराठीत लेख, नाट्यछटा आणि शाळेच्या स्मरणिकांचे मजकूर टाइप केले. मुलाने नवा लॅपटॉप दिला आणि सर्व फाइली त्यात घातल्या, पण उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. फाइली खराब झाल्या का?
— एक वाचिका, वाई

नाही, तुमच्या फाइली अगदी सुखरूप आहेत. या प्रश्नाचे उत्तर मी जरा सविस्तर देतो, कारण महाराष्ट्रातील कितीतरी लेखकांचे, छपाईवाल्यांचे आणि शाळांचे लेखन याच अवस्थेत जुन्या संगणकांत पडून आहे आणि ते वाचवता येण्यासारखे आहे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठीसाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तुम्ही पडद्यावर 'क' पाहत होता, पण फाइलीत नोंद होत होती ती एखाद्या इंग्रजी अक्षराच्या क्रमांकाची. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा अनेक फॉन्ट-कुटुंबांची ही रीत होती आणि प्रत्येकाची मांडणी निराळी होती. नव्या लॅपटॉपमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून फाइलीत जे मुळात नोंदलेले आहे तेच दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा वेगळा पट्टा दिलेला आहे. त्यामुळे मंगल, कोकिळा किंवा दुसरा कुठलाही युनिकोड फॉन्ट असला, तरी 'क' हा 'क'च राहतो.

तुमचा जुना संगणक अजून सुरू होतो का? होत असेल, तर पहिले काम तिथेच करायचे आहे. ज्या फाइली महत्त्वाच्या आहेत त्या जुन्या संगणकावर एकेक उघडून पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आतच बांधला जातो आणि त्यामुळे पान कुठेही तसेच दिसते. एकदोन पीडीएफ मुलाच्या लॅपटॉपवर उघडून खात्री करा आणि मगच बाकीच्या करा. पीडीएफमुळे तुमचे लेखन वाचण्यापुरते कायमचे सुरक्षित झाले. त्यात शोध घेता येणार नाही, त्यातील मजकूर कॉपी करून वापरताही येणार नाही, पण पुढे काही चुकले तर मूळ मजकूर काय होता हे पाहण्यासाठी तीच तुमची आधारप्रत असेल.

दुसरे काम म्हणजे फॉन्ट नेणे. जुन्या संगणकात वर्डची फाइल उघडून मजकूर निवडला की वर फॉन्टचे नाव दिसते. ती नावे लिहून घ्या, सी ड्राइव्हवरील विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून त्या फाइली कॉपी करा आणि नव्या लॅपटॉपवर त्यांवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हणा. बहुतेक फाइली त्याच क्षणी पुन्हा मराठीत दिसू लागतील. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसोबत आलेले फॉन्ट असतील, तर त्याच्या परवान्याच्या अटी पाळाव्यात. त्या सॉफ्टवेअरला कुलूप म्हणून डोंगल दिलेला असेल, तर तोही जपून ठेवा.

तिसरे काम सावकाश करण्याचे आहे, ते म्हणजे जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणे. त्यासाठी रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर मिळतात, मात्र साधन तुमच्याच फॉन्टसाठी केलेले असले पाहिजे. एका फॉन्टचे साधन दुसऱ्याला लावले, तर मजकूर आणखी बिघडतो. नेहमी प्रतीवर काम करा. तपासताना पहिली वेलांटी नीट पाहा, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी टाइप होत असे आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर नोंदवली जाते. साधन चुकले, तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. रफार, 'र'युक्त जोडाक्षरे, 'क्ष', 'ज्ञ' आणि 'ऱ्य' यांतही चुका राहतात. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द किंवा आकडे असतील, तर साधन त्यांनाही देवनागरी समजून बदलून टाकते. म्हणून रूपांतर झालेली फाइल पीडीएफ शेजारी ठेवून एकदा संपूर्ण वाचावी लागते. तुम्ही आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत, हे काम तुमच्याइतके चोख कोणी करणार नाही. आधी जे पुन्हा छापायचे आहे किंवा कुणाला पाठवायचे आहे तेवढेच घ्या, बाकीचे पीडीएफ म्हणून राहू द्या.

स्मरणिका पेजमेकरमध्ये लावलेल्या असतील, तर मात्र उशीर करू नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७ ही होती आणि ती २००१ साली आली. त्याच कंपनीच्या इनडिझाइनच्या आजच्या आवृत्त्या त्या फाइली उघडत नाहीत. जुना संगणक आणि त्यावरील पेजमेकर चालू आहे तोपर्यंतच पानांची पीडीएफ आणि मजकुराची साधी फाइल असे दोन्ही काढून घ्या.

आमच्या छोट्या पतसंस्थेचे जुने कामकाज डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोच्या प्रोग्राममध्ये आहे. करणारा प्रोग्रामर आता संपर्कात नाही. नव्या विंडोज ११ च्या संगणकावर तो फोल्डर कॉपी केला, पण प्रोग्राम सुरूच होत नाही.
— सचिव, तालुका कोरेगाव

तो तसा सुरू होणार नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिट प्रकारातच मिळते आणि ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा भागच नसतो. संगणक दुसरा घेतला किंवा मेमरी वाढवली, तरी यात फरक पडत नाही.

प्रोग्राम आणि माहिती यांचा विचार वेगवेगळा करा. सभासद, ठेवी आणि कर्जे यांच्या नोंदी डीबीएफ या प्रकारच्या फाइलींत आहेत. त्यांच्या सोबत त्याच नावाच्या एफपीटी फाइली असतील, तर त्याही बरोबर न्याव्यात, कारण लांब टिपणांचा मजकूर त्यांत असतो. डीबीएफ फाइल लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडते आणि एक्सेलमध्येही उघडता येते. उघडायची ती प्रत, मूळ फाइल कधीही नाही. चुकून सेव्ह केल्यास रकान्यांची रचना बदलू शकते.

नोंदी मराठीत असतील आणि उघडल्यावर अनोळखी चिन्हे दिसत असतील, तर त्या बहुधा इस्की पद्धतीत आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर मराठी दिसत असे, त्या काळची ही भारतीय प्रमाण पद्धत १९९१ मध्ये मानक म्हणून निश्चित झाली. वाईच्या वाचिकेपेक्षा तुमचे काम सोपे आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतलेली असल्यामुळे इस्कीचे रूपांतर फॉन्टच्या रूपांतरापेक्षा पुष्कळ स्वच्छ होते. जाणकार प्रोग्रामरला 'फाइल इस्कीत आहे' एवढे सांगितले, तरी त्याचे निम्मे काम वाचेल.

जुना प्रोग्राम पडद्यावर पाहायचाच असेल, तर व्हर्च्युअल बॉक्ससारख्या सोयीने नव्या संगणकाच्या आत जुन्या ३२ बिट विंडोजचा आभासी संगणक उभा करता येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की तो केवळ जुने उतारे पाहण्यासाठी वापरावा आणि रोजच्या नोंदी त्यात करू नयेत. नवे कामकाज आर्थिक वर्षाच्या आरंभी शिल्लक रकमा घेऊन नव्या प्रणालीत सुरू करावे. त्यापूर्वी जुन्या संगणकावरून सर्व खात्यांची शिल्लक-यादी छापून तिच्यावर लेखापरीक्षकांची सही घ्यावी, म्हणजे सभासदाने विचारणा केल्यास दाखवायला कागद असेल.

माझा लॅपटॉप अचानक बंद पडला, बटण दाबले तर काहीच होत नाही. त्यात माझा संपूर्ण प्रकल्प आहे. एकजण म्हणाला की डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून लावली की एकदा चालते.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

फ्रीजरचा उपाय कृपया करू नका. थंड डिस्कवर बाष्प जमते आणि जी वाचली असती तीही जाते.

लॅपटॉप सुरू न होणे आणि डिस्क खराब होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चार्जर, बॅटरी, मदरबोर्ड किंवा नुसता पडदा गेला, तरी तुम्हाला दिसणारे लक्षण हेच असते. दुसरा चार्जर लावून पाहा, आणि दिवे लागत असतील तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहा. त्यानेही काही झाले नाही, तर डिस्क काढून ती यूएसबीच्या केसमध्ये घालून मित्राच्या संगणकाला जोडता येते. लॅपटॉपची अडीच इंची साटा डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. पट्टीसारखी एम.२ एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) असेल, तर ती एनव्हीएमई प्रकारची की साटा प्रकारची हे पाहूनच केस घ्यावी.

डिस्क जोडल्यावर तीन गोष्टी घडू शकतात. फोल्डर उघडण्याची परवानगी नाही असा संदेश आला, तर 'कंटिन्यू' दाबा. तो तुमच्या जुन्या खात्याचा फोल्डर आहे, एवढेच. 'फॉरमॅट करायचे का' असे विचारले, तर कोणत्याही परिस्थितीत 'नाही' म्हणा. आणि बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागितली, तर दुसऱ्या संगणकावरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती पाहा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क सांकेतिक करण्याची सोय मालकाच्या लक्षातही न येता चालू झालेली असते आणि किल्ली त्या खात्यात साठवलेली असते. ज्यांचा लॅपटॉप आज चांगला चालतो आहे, त्यांनी ही किल्ली आजच कागदावर लिहून ठेवावी.

फिरत्या डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती लगेच बंद करा आणि पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळा, कारण दर वेळी आतील पृष्ठभागाला अधिक इजा होते. पुरात बुडालेल्या डिस्कलाही हेच लागू आहे: ती वाळवून सुरू करून पाहू नये, तशीच माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे न्यावी. हे काम महाग असते. प्रकल्पाचा काही भाग मार्गदर्शकांना ईमेलने पाठवलेला असेल, तर आधी तिथे शोधा.

डिस्क, केबल हे सगळे कशाला? सर्व काही गुगल ड्राइव्हवर टाकून नव्या संगणकात उतरवून घेतले तर?
— एक वाचक, सातारा

माहिती थोडी असेल, तर जरूर करा. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांत मिळून असते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये मोफत जागा ५ जीबी आहे. तुमच्याकडे २०० जीबी फोटो आणि व्हिडिओ असतील आणि अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर सगळे नीट चालले तरी वर चढवायलाच साधारण बावीस तास लागतात आणि उतरवण्याचा वेळ त्याखेरीज लागतो.

वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. काही फाइलींच्या शेजारी ढगाचे चिन्ह दिसते. त्या फाइली तुमच्या संगणकात नसतात, फक्त त्यांची नावे असतात. जुन्या संगणकाची डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर त्या फाइली तिच्यातून मिळणार नाहीत. फोल्डरावर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सर्व फाइली उतरू द्या आणि मग कॉपी करा.

महिनाभर नवा संगणक वापरला, सर्व ठीक आहे. आता जुना विकायचा आहे. फाइली डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला, एवढे पुरे का?
— एक वाचक, मिरज

पुरे नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेली फाइल तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तिथेच राहते आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळवता येते. आधारची प्रत, पासबुकाचे फोटो आणि विवरणपत्रे त्यात असतील, तर धोका तुमच्यापुरता राहत नाही, घरातील सर्वांना असतो.

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधील 'रीसेट धिस पीसी' उघडा, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढे 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करा. डी ड्राइव्हही पुसायचा आहे, तर सर्व ड्राइव्ह निवडा. यास कित्येक तास लागू शकतात, म्हणून लॅपटॉप असल्यास चार्जर लावून ठेवा. त्याआधी क्रोम, ईमेल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यांतून बाहेर पडा आणि त्या खात्यांच्या यादीतून जुना संगणक काढून टाका. एसएसडी असेल, तर तिच्या उत्पादकाने दिलेले 'सिक्युअर इरेज' साधन वापरणे अधिक खात्रीचे आहे.

संगणक अगदीच जुना असेल आणि किंमत नाममात्र मिळत असेल, तर मी डिस्क काढून घेऊन बाकीचा सांगाडा द्यायला सांगेन. मोडीत काढायचा असल्यास तो भंगाराच्या गाड्यावर घालू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांप्रमाणे अशा वस्तूंवरील पुनर्प्रक्रिया नोंदणीकृत केंद्रांतच व्हावी लागते. अनेक संगणक कंपन्या जुने यंत्र परत घेतात, त्यांच्या सेवा केंद्रात विचारा आणि दिल्याची पावती मागून घ्या.